पंप सुरू होण्याआधी पाणसळ लावा

नवी मुंबईतील पुनर्विकासाला निघालेल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्यांना खुले पत्र

नेरुळ, नवी मुंबई

सप्रेम नमस्कार.

गेल्या काही वर्षांत मी पुनर्विकासाच्या बऱ्याच सभांना बसलो आहे. काही आमच्या संस्थेच्या, काही नातेवाइकांच्या. काही ठिकाणी ओळखीच्या सचिवांनी ‘तुम्ही मातीतले माणूस, येऊन बसा’ म्हणून बोलावले. सभा वाशीची असो, सानपाड्याची असो की नेरुळची, प्रश्न तेच निघतात. वाढीव क्षेत्र किती, भाडे महिन्याला किती, विकासकाकडून मिळणारा कॉर्पस निधी किती, पार्किंग एक की दोन. हे प्रश्न विचारायलाच हवेत. ज्या घराचे छत पावसाळ्यात गळते आणि तुळईच्या सळया उघड्या पडल्या आहेत, तिथे राहणाऱ्याला नव्या घराची घाई असणारच. पण एक प्रश्न मी अजून एकाही सभेत कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तळघरासाठी खड्डा किती खोल जाणार, आणि त्यात येणारे पाणी किती महिने उपसणार?

त्या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी बत्तीस वर्षे भू-तपासणीच्या कामावर पर्यवेक्षक होतो. इमारत, पूल किंवा टाकी बांधण्याआधी जमिनीत बोअर घ्यायची आणि कितव्या मीटरला काय लागते ते वहीत उतरवायचे, हे आमचे काम. तिपाई उभी करायची, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून सोडायचा आणि नळी ३० सेंटीमीटर खाली जायला किती ठोके लागले ते मोजायचे. घट्ट मुरमात पन्नास ठोके दिले तरी नळी हलत नाही. खाडीच्या बाजूला मात्र कितीदा तरी असे झाले, की हातोडा नळीवर नुसता ठेवला आणि ती आपल्या आपण खाली गेली. वहीत लिहायचे, ठोके शून्य. नळी वर काढली की आत काळसर निळी, लोण्यासारखी मऊ माती, शिंपल्यांचे तुकडे, आणि कुजल्याचा असा वास की घरी गेल्यावर कपडे दोनदा धुतले तरी तो जात नसे. पुस्तकात हिला सागरी चिकणमाती म्हणतात. आमची बोअरवरची मुले नुसतेच ‘खाडीचा गाळ’ म्हणायची. मीही तेच म्हणतो.

या गाळावर आपण राहतो. ढोबळ रेषा हवी असेल तर ठाणे-बेलापूर रस्ता धरा. त्याच्या पूर्वेला पारसिकचे डोंगर आणि एमआयडीसी. तिकडे मुरूम आणि कातळ लवकर लागतो. पश्चिमेला जसजसे खाडीकडे जाऊ तसतसा गाळ जाड होत जातो, कुठे दोन मीटर, कुठे दहा मीटरपेक्षाही जास्त. जुनी गावठाणे बघा. जुहूगाव, वाशीगाव, सारसोळे, करावे, दिवाळे. ती बहुतेक थोड्याशा उंचवट्यावर बसली आहेत, कारण वसवणाऱ्यांना जमीन कळत होती. भोवती होते खार, खाजण आणि मिठागरे. आजही गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आगरी किंवा कोळी माणसाला विचारा. तो बोट दाखवून सांगेल, इथून आमचा बांध जायचा, इथे उघाडी, म्हणजे खाडीचे पाणी सोडायची-अडवायची झडप होती, या टॉवरच्या जागी भात व्हायचे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर शहराची आखणी झाली, सखल भागावर मुरमाचा भराव पडला आणि भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवायला धारण तलाव ठेवले गेले. शहर वर आले. भरावाखालचा गाळ मात्र आहे तिथेच आहे, आणि तो आजही ओला आहे.

त्याचे ओलेपण आपल्या किती उपयोगाचे आहे ते सांगतो. या गाळात निम्म्याहून जास्त जागा पाण्याने व्यापलेली असते. वरून येणारा भार काही प्रमाणात मातीचे कण पेलतात आणि काही प्रमाणात कणांमधल्या पाण्याचा दाब पेलतो. पाण्याची पातळी उतरली की हा दाब कमी होतो आणि त्याने उचललेला वाटा कणांच्या अंगावर येतो. कण एकमेकांकडे सरकतात, गाळ दबतो, आणि वरची जमीन तेवढी खाली जाते. कार्ल तेर्झागी या अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वी हे गणितात मांडले आणि त्यावरच आजचे मृदाशास्त्र उभे आहे.

गणित समितीतल्या कुणालाही करता येईल इतके सोपे आहे. पाणी एक मीटर उतरले की खालच्या गाळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक टन जादा भार येतो. पाच मीटर उतरले तर पाच टन. राहत्या इमारतीचा एक मजला ढोबळमानाने चौरस मीटरला एक टनाच्या आसपास भार देतो. म्हणजे शेजारच्या खड्ड्यासाठी तुमच्या अंगणाखालचे पाणी पाच मीटर उतरवले गेले, तर त्या गाळावर कुणीतरी आणखी चार-पाच मजली इमारत आणून ठेवल्यासारखे होते. त्या इमारतीचा नकाशा कुणी मंजूर केलेला नसतो आणि पायाचा हिशोबही कुणी केलेला नसतो.

अभियंते हेच तत्त्व जाणूनबुजून वापरतातही. न्हावा-शेवा बंदराच्या परिसरात मऊ गाळावर बांधकाम करण्याआधी वर भराव रचून गाळात दिव्याच्या वातीसारख्या लांब पट्ट्या सोडल्या गेल्या, म्हणजे पाणी त्यांतून वर निघते आणि जमीन आधीच बसून घेते. महिनोन्महिने थांबायचे, मोजत राहायचे, बसणे थांबले की मग बांधायचे. मोकळ्या माळावर हे उत्तम काम आहे. माणसे राहत असलेल्या दोन इमारतींच्या मध्ये तेच न मोजता घडले तर भिंती फाटतात.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. दबलेला गाळ पुन्हा फुगत नाही. उन्हाळ्यात आटलेली विहीर पावसाळ्यात भरते, त्यामुळे आपल्याला वाटते की पाणी परत आले म्हणजे सगळे पूर्ववत झाले. पाणी परत येते, जमिनीची गेलेली उंची येत नाही. दुसरे, गाळातून पाणी फार सावकाश निघते. म्हणून जमीन बसण्याचे काम पंप बंद झाल्यावरही पुष्कळ दिवस चालू राहू शकते. तडा दिसतो तेव्हा खड्डा बुजलेला असतो, ठेकेदार दुसऱ्या साइटवर गेलेला असतो आणि बोलायला समोर कुणी नसते.

उगाच भीती पसरू नये म्हणून हेही लिहितो. आपल्या डोंगराकडच्या भागातला काळा कातळ पाणी काढल्याने असा दबत नाही. तिथल्या संस्थांचे प्रश्न वेगळे आहेत, सुरुंगाचे आहेत, बोअर आटण्याचे आहेत. आणि खाडीकडचे प्रत्येक खचलेले अंगण पंपामुळेच खचले असेही नाही. भराव स्वतःच्या वजनानेही वर्षानुवर्षे बसत राहतो. नेमके यातले काय आणि किती, हे ओळखायला आधीची मापे लागतात. आमच्याकडे ती नव्हती.

ती हकीकत सांगतो. नाव कुणाचेच घेत नाही. शेजारच्या प्लॉटवर दोन तळघरांचा खड्डा झाला. खड्ड्याच्या कडेला पाइलची, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची, रांग होती, पण दोन पाइलांमध्ये वीत-वीत फट होती आणि पाणी त्या फटींतून येत होते. दिवाळीनंतर पंप लागले ते पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रात्रंदिवस चालले. पहिल्या आठवड्यात गटारात सोडलेले पाणी मी एका बादलीत धरून ठेवले. सकाळी बादलीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा गाळ बसला होता. पाण्याबरोबर आमच्या अंगणाखालची मातीही चालली होती. फेब्रुवारीत पेव्हर ब्लॉक वाकले. मार्चमध्ये सांडपाण्याच्या नळाचा जोड निखळला आणि मागची गल्ली घाण पाण्याने भरली. एप्रिलमध्ये तळमजल्यावरच्या एका वयस्कर बाईंनी मला हाक मारली. त्यांच्या स्वयंपाकघराच्या वाढवलेल्या भागात खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत तिरका तडा गेला होता. त्यांनी विचारले, “भाऊ, घर खाली चाललंय का माझं?”

मी त्यांना सांगितले ते खरे होते. इमारत पाइलवर आहे, पाइल खडकावर टेकलेले आहेत, ती जागची हलत नाही. वाढवलेली भिंत मात्र मातीवर उभी आहे, आणि माती खाली चालली आहे. त्या ‘बरं’ म्हणाल्या, पण त्या रात्री मुलाकडे झोपायला गेल्या आणि महिनाभर परत आल्या नाहीत.

विकासकाचा अभियंता पाहायला आला. तरुण मुलगा, उद्धट मुळीच नव्हता. म्हणाला, काका, इमारत पस्तीस वर्षांची आहे, तडे जुने असतील. मी त्याला दाखवले की तड्याच्या कडा धारदार आहेत, आत धूळ नाही, रंगाचा पापुद्रा आताच सुटला आहे. त्याने विचारले, आधीचा फोटो आहे का? नव्हता. पाणी आधी किती खोलीवर होते याची नोंद आहे का? तीही नव्हती. ज्याने बत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या, त्याने स्वतःच्या अंगणात एक खूण करून ठेवली नव्हती. दुरुस्तीचा खर्च संस्थेने केला, आणि याची खंत मला आजही आहे. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ येऊ नये एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आमच्या जिन्याच्या तोंडाशी पूर्वी एक पायरी होती, आता दोन आहेत. दुसरी आम्ही गेल्या वर्षी बांधली, कारण इमारत तिथेच राहिली आणि अंगण खाली गेले. तुमच्या आवारात फिरून बघा, अशा मागाहून जोडलेल्या पायऱ्या आणि रॅम्प बऱ्याच ठिकाणी दिसतील. मेक्सिको सिटीत १९१० साली उभारलेला स्वातंत्र्याचा एक उंच स्तंभ आहे. ते शहर जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेले आहे आणि जमिनीखालचे पाणी उपसून मोठे झाले. स्तंभाचा पाया खोल असल्यामुळे तो जागेवर राहिला आणि भोवतालचा रस्ता खचत गेला. त्याच्या पायथ्याला मागाहून चौदा पायऱ्या जोडाव्या लागल्या. आमची दुसरी पायरी ओलांडताना मला नेहमी त्या चौदा आठवतात.

हे थांबवता येते हेही जगाने दाखवले आहे. टोकियोच्या कोतो भागात विसाव्या शतकात जमीन चार मीटरहून जास्त खचली, कारण कारखाने आणि इमारती भूजलावर चालत होत्या. जपानने १९५६ मध्ये कारखान्यांच्या आणि १९६२ मध्ये इमारतींच्या उपशावर कायद्याने लगाम घातला, कारखान्यांना नदीचे पाणी दिले, आणि १९७० च्या दशकात खचणे जवळजवळ थांबले. गेलेले चार मीटर मात्र आले नाहीत. तो भाग आजही भिंती आणि पंपांच्या आधाराने समुद्रापासून राखावा लागतो. बँकॉकने १९७७ मध्ये भूजलाचा कायदा केला, पुढे उपशावर शुल्क लावले आणि ते वाढवत नेले. तिथेही वेग कमी झाला. उलट जकार्तात उत्तरेकडच्या वस्त्या समुद्राच्या पातळीखाली गेल्या, आणि इंडोनेशियाने २०१९ मध्ये राजधानीच दुसरीकडे नेण्याचा निर्णय जाहीर केला, त्यामागच्या कारणांत हे खचणेही होते.

आपल्याकडचे ताजे मोजमापही आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात दिल्ली, मुंबई, कोलकाता, बेंगळुरू आणि चेन्नई या पाच शहरांचा उपग्रहावरून केलेला अभ्यास आला. पाच शहरांत मिळून ८७८ चौरस किलोमीटर जमीन खचते आहे आणि मुंबईत सर्वांत वेगाने खचणाऱ्या ठिकाणी हा वेग वर्षाला २६ मिलिमीटरच्या आसपास आहे, असे त्यात आहे. २६ मिलिमीटर म्हणजे इंचभर. इंच ऐकायला लहान वाटतो. पण सांडपाण्याचा नळ शंभराला एक अशा उताराने टाकलेला असतो. त्याचे एक टोक इमारतीला घट्ट आणि दुसरे अंगणातल्या चेंबरला. अंगण दोन-तीन इंच खाली गेले की त्या जोडावर काय ओढ येत असेल ते प्लंबरला विचारा. शिवाय भरतीची रेषा आपल्यासाठी थांबणार नाही. ज्या शहराचा निचरा भरती-ओहोटीच्या वेळा पाळून होतो, तिथे प्रत्येक इंच मोलाचा आहे.

जुलै २०२५ मध्ये इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. तो बारा दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जातो आणि जमिनीची सेंटीमीटरच्याही आतली हालचाल पकडण्यासाठी बनवला आहे. आभाळातून आपले अंगण मोजणारा आला. आता खालून मोजणारे आपण हवे.

तुमच्या हातात काय आहे ते आता लिहितो. पुष्कळ आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ च्या पुनर्विकास प्रक्रियेत पीएमसी, म्हणजे प्रकल्प सल्लागार, तुम्ही नेमता, निविदेच्या अटी तुमच्या सभेत ठरतात, करारनाम्यावर सही तुमची असते. एकदा सही झाली आणि घरे रिकामी झाली की तुमचा शब्द हलका होतो, म्हणून खड्ड्याचे बोलणे सहीच्या आधी झाले पाहिजे.

पहिली गोष्ट, तळघर हवेच आहे का, हे विचारा. गाळाच्या भागात पार्किंग जमिनीच्या वर पोडियममध्ये, म्हणजे घरांखालच्या पार्किंगच्या मजल्यांत, किंवा यांत्रिक पद्धतीने बसवता येत असेल तर तोच पर्याय आधी मागा. दोनाऐवजी एकच तळघर झाले तरी उपसा खूप कमी होतो. माझ्या मते खाडीलगतच्या, जाड गाळाच्या प्लॉटवर दोन तळघरांचा हट्ट धरू नये. हे सभेत बोलायला अवघड आहे, कारण दुसरे पार्किंग प्रत्येकालाच हवे असते. तरी बोला.

तळघर होणारच असेल तर भू-तपासणी अहवाल समितीने स्वतः वाचावा. त्यात गाळाची जाडी, ठोक्यांचे आकडे, आणि पाण्याची पातळी उन्हाळ्यात व पावसाळ्यात वेगवेगळी दिलेली असावी. एकाच दिवशी मोजलेली पातळी पुरेशी नाही. अहवाल इंग्रजीत असतो आणि तक्त्यांनी भरलेला असतो, पण पीएमसीला समोर बसवून पानागणिक अर्थ विचारा. त्याची फी तुम्ही भरता.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. खड्ड्याभोवतीची भिंत पाणी अडवणारी हवी. सुट्या पाइलांची रांग माती अडवते, पाणी सोडते, आमच्याकडे तेच झाले. एकमेकांत गुंतवलेले पाइल किंवा जमिनीत ओतलेली सलग काँक्रीटची डायफ्रॅम भिंत, आणि तीही खालच्या खडकात रुतवलेली, अशी असेल तर आतले पाणी काढूनही बाहेरचे बरेचसे जागेवर राहते. खर्च जास्त आहे, आणि विकासक तो तुमच्या कॉर्पसमधून वळता करायला बघेल हेही मी जाणतो. पण स्वस्त भिंतीचा उरलेला खर्च शेजाऱ्याच्या भिंतीतून वसूल होतो. करारनाम्यात भिंतीचा प्रकार आणि खोली नावानिशी लिहा. ‘योग्य ती व्यवस्था’ असे शब्द स्वीकारू नका.

भिंतीबाहेर, शेजाऱ्यांच्या बाजूला, पाण्याची पातळी मोजायच्या नळ्या बसवून घ्या. पंप लागण्याच्या किमान एक महिना आधीपासून नोंद सुरू व्हावी आणि उपसा चालू असताना ती दर आठवड्याला फलकावर लागावी. पाणी किती उतरलेले चालेल आणि त्यापलीकडे गेल्यास उपसा थांबवून बाहेर पाणी परत सोडले जाईल, हा आकडा रचना सल्लागाराने आधीच लिहून द्यावा. गटारात जाणारे पाणी मीटरमधून जावे. ते गढूळ येत असेल तर त्याच दिवशी काम थांबावे, कारण गढूळ पाणी म्हणजे कुणाच्या तरी पायाखालची माती आहे.

आणि पंप बंद कधी होणार, तेही विचारा. इमारतीचे वजन पुरेसे होण्याआधी पंप बंद केला तर पाण्याच्या दाबाने तळघराची लादी वर उचलली जाऊ शकते, म्हणून उपसा काही मजले होईपर्यंत चालू ठेवावा लागतो. हे कारण खरे आहे. पण काही ठिकाणी तळघराची जलरोधक रचना कच्ची ठेवून खाली कायमचा खड्डा आणि कायमचा पंप ठेवतात. इमारत उभी आहे तोवर उपसा चालू. हे नको, असे करारनाम्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्या.

शेजारी संस्थांकडे तुम्ही स्वतः जा. त्यांच्या प्रत्येक खोलीचे, भिंतीचे, जोत्याचे फोटो दोघांच्या सहीने तारखेसह घ्या, पंप लागण्याआधी. आज त्यात त्यांचे संरक्षण आहे. चार वर्षांनी त्यांचा खड्डा होईल तेव्हा ते तुमचे असेल. आपण सगळे एका गाळावर बसलो आहोत, आणि आज ना उद्या प्रत्येक संस्था एकदा खोदणारी आणि दोन-चारदा शेजारी होणार आहे.

आपल्या स्वतःच्या बोअरबद्दल थोडे. बाग, गाड्या धुणे, टाकीतले फ्लशचे पाणी यासाठी अनेक संस्थांनी बोअर मारल्या आहेत. तळघराच्या उपशापुढे एका बोअरचे पाणी थोडे वाटते. पण ते वर्षानुवर्षे निघते, आणि खाडीजवळ गोडे पाणी ओढले की त्याच्या जागी खारे येते. ज्यांच्या बोअरचे पाणी खारट झाले आहे त्यांनी ती चालवू नये. ते पाणी बागेलाही चांगले नाही आणि नळांनाही. नवी मुंबईला स्वतःच्या मालकीचे मोरबे धरण आहे, हे भाग्य घोडबंदर रस्त्यावर टँकरची वाट बघणाऱ्या ठाणेकरांना नाही. कोपरखैरणे आणि ऐरोलीच्या केंद्रांत सांडपाणी उच्च दर्जाला शुद्ध केले जाते. बागेसाठी आणि बांधकामासाठी ते पाणी मागणे आपल्या हातात आहे. ज्यांना बोअर चालवायचीच आहे त्यांनी तिला मीटर बसवावे आणि महिन्याचा आकडा संस्थेच्या अहवालात छापावा.

छतावरचे पाणी जमिनीत मुरवा, हे सगळेच सांगतात. मीही सांगेन, पण जागा बघून. आपल्याकडे वर्षाला सुमारे अडीच मीटर पाऊस पडतो. ५०० चौरस मीटरच्या छतावर तो साडेबारा लाख लिटरच्या घरात जातो. डोंगराकडच्या मुरमात ते मुरेल. खाडीकडच्या गाळात खड्डा करून ओतलेले पाणी मुरत नाही, तिथेच साचते आणि डास होतात. तिथे ते टाकीत साठवून वापरावे, म्हणजे तेवढी बोअर बंद राहते.

कायद्याचे दोन शब्द. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा आहे, अंमल २०१४ पासून. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत बांधकामासाठी होणाऱ्या उपशाचाही विचार आहे आणि परवानगीबरोबर डिजिटल मीटरची अट आहे. विकासकाने कोणती परवानगी घेतली, कोणाकडून, किती पाण्याची, हा कागद मागायला लाजू नका. महापालिकेकडेही आपण सगळ्यांनी मिळून एक मागणी करू. खोल खोदाईच्या प्रत्येक ठिकाणची पाण्याची पातळी आणि शेजारच्या जोत्यांची उंची दर महिन्याला नागरिकांना पाहता येईल अशी ठेवावी. एका संस्थेच्या अर्जाने हे होणार नाही. पन्नास संस्थांच्या लेटरहेडवर एकच मजकूर गेला तर होईल. मजकूर मी लिहून ठेवला आहे.

माझे गुडघे आता साइटवर उतरू देत नाहीत, पण कागद वाचता येतात. भू-तपासणी अहवाल घेऊन कुठलीही समिती रविवारी सकाळी आली तर मी बसेन. पैसे नकोत. वेळ लागतो, तेवढे मनात धरून या.

आपला स्नेहांकित,
नेरुळमधील एक रहिवासी
(निवृत्त भू-तपासणी पर्यवेक्षक)

ता. क. मापे घ्यायला यंत्रे लागत नाहीत. आवारातल्या बंद बोअरमध्ये पोलादी टेप सोडा. टेपच्या खालच्या दीड-दोन मीटरला कोरडा खडू चोळा आणि टेपचा ठरावीक आकडा बोअरच्या काठाशी धरा. वर काढल्यावर खडू जिथपर्यंत ओला दिसेल तेवढे त्या आकड्यातून वजा केले की काठापासून पाणी किती खोल ते कळते. प्रत्येक वेळी काठाची तीच जागा धरा. जोत्यासाठी गवंड्याची पाण्याची नळी घ्या. पाइलवरच्या खांबावर एक खिळा कायमचा ठोका, आणि त्याच्या पातळीवरून अंगणातल्या चार ठरलेल्या जागा किती खाली आहेत ते पाणसळीने महिन्यातून एकदा मोजा. तडा असेल तर त्याच्या दोन्ही कडांना आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवा आणि तारीख लिहा. तडा वाढला तर काच फुटते. सगळे आकडे एकाच वहीत, एकाच माणसाच्या अक्षरात असू द्या. खड्ड्याला कुंपणाचे पत्रे लागले की त्याच दिवशी वहीचे पहिले पान लिहा.